उतारावर पेरलेले गवत गटारात का उगवते?

आमच्या परिचयाचा एक होतकरू तरुण आहे. दहा-बारा वर्षे आखातात नोकरी करून तो कोकणातील आपल्या गावी परतला आणि साठवलेल्या पैशातून त्याने लहानसहान ठेके घेण्यास सुरुवात केली. एका नव्या रस्त्याच्या भरावावर गवत उगवून देण्याचे काम त्याला मिळाले. काम सोपे वाटले. माती सारखी केली, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बी फेकले, वरून दाताळे फिरवले. जूनच्या पहिल्या सरींनी हिरवे कोंब दिसू लागले. चौथ्या रात्री मात्र पाऊस कोसळला. सकाळी पाहतो तो सगळा उतार लालबुंद, उघडा आणि बोट-बोट खोल ओघळांनी चिरलेला. आठवड्याभराने रस्त्याकडेच्या गटारात दाट गवत उगवले! बिल अडले, कारण मोजणारा अधिकारी उतार मोजतो, गटार मोजत नाही.

गावातले एक वयस्कर शेतकरी त्याला म्हणाले, "बाबा, बी नाही वाहिलं. माती वाहिली, बी तिच्याबरोबर गेलं." या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे.

रस्ते, घरांसाठी डोंगर कापून केलेल्या जागा, शेततळ्यांचे बांध, शाळांची मैदाने अशी कामे सगळीकडे चालू असतात आणि आमचे अनेक तरुण या धंद्यात आहेत. म्हणून नव्याने पेरलेल्या उतारावर कोणते आच्छादन घालावे, ते कसे निवडावे आणि कसे अंथरावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत. ज्यांच्या घरामागे मातीचा उतार आहे त्यांनाही ती उपयोगी पडेल.

पाऊस नेमके काय करतो?

पाणी वाहते म्हणून माती जाते, एवढेच आपण समजतो. प्रत्यक्षात नुकसान त्याआधीच सुरू होते. मोठ्या सरीतील टपोरा थेंब ताशी सुमारे ३० कि.मी. वेगाने जमिनीवर आदळतो. त्या माऱ्याने उघड्या मातीचे कण सुटे होऊन दोन फुटांपर्यंत वर उडतात. सपाट जमिनीवर ते पुन्हा जवळपास पडतात. उतारावर मात्र बहुतेक कण खालच्या बाजूला पडतात. सुटलेली बारीक माती जमिनीची छिद्रे बुजवते, वर पातळ पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायचे थांबते. न मुरलेले पाणी वाहू लागते, एकत्र होते, ओघळ पाडते.

आता पाणी किती ते पाहा. १०० चौरस मीटर जागेवर १०० मि.मी. पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी झाले, एका टँकरएवढे. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे २५०० ते ३५०० मि.मी. पाऊस पडतो आणि एका दिवसात १०० मि.मी. पडणे ही नवलाची गोष्ट नाही. इतक्या पाण्यापुढे चार दिवसांचा कोंब काय टिकणार?

गवताची मुळे एकमेकांत गुंतून मातीला धरू लागण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. आच्छादनाचे काम एवढेच की हे आठवडे निभावून न्यायचे. त्याने थेंबाचा मार अंगावर घ्यावा, वाहत्या पाण्याचा वेग तोडावा, ओलावा धरावा आणि कोंबाला वर यायला वाट द्यावी. या चार कसोट्या लक्षात ठेवल्या तर दुकानदार काय सांगतो यावर अवलंबून राहावे लागत नाही.

आधी वरचे पाणी वळवा

कोणतेही आच्छादन वरून लोंढ्याने येणाऱ्या पाण्यापुढे टिकत नाही. म्हणून पहिला खर्च आच्छादनावर न करता उताराच्या माथ्यावरील चरावर करावा. माथ्यापासून थोडे मागे समतल चर खणून डोंगराचे किंवा छपराचे पाणी बाजूला वळवावे आणि ते पक्क्या पन्हळीने खाली आणावे. पागोळ्यांचे पाणी थेट नव्या उतारावर पडत असेल तर महागातली जाळीही एका पावसाळ्यात फाटते.

दुसरे काम मातीचे. जांभा किंवा कठीण मुरूम कापून काढलेल्या भिंतीवर बी टाकून उपयोग नाही. तेथे मुळाला जागाच नसते. उतारावर आडव्या चऱ्या पाडाव्यात आणि शेणखत मिसळलेली दोन ते चार इंच चांगली माती द्यावी. उतार चोपून गुळगुळीत करू नये. पुष्कळ ठेकेदार दिसायला सुबक म्हणून तो थापीने साफ करतात आणि तेथेच फसतात. खडबडीत उतारावर पाणी अडखळते, बी अडकते.

उतार मोजण्याची सोपी रीत

आच्छादनाची निवड उताराच्या तीव्रतेवर ठरते, आणि ती डोळ्यांनी कळत नाही. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. तिचे एक टोक उतारावर टेकवा आणि गवंड्याची लेव्हल ठेवून पट्टी आडवी धरा. दुसऱ्या टोकापासून ओळंबा सोडून खालच्या मातीपर्यंतचे अंतर मोजा. ते २५ सें.मी. आले तर उतार चारास एक, म्हणजे चार मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ. ३३ सें.मी. म्हणजे तिनास एक, ५० सें.मी. म्हणजे दोनास एक, ६७ सें.मी. म्हणजे दीडास एक आणि पूर्ण १ मीटर म्हणजे एकास एक. चार-पाच ठिकाणी मोजून सर्वांत तीव्र आकडा धरावा.

उताराची लांबीही तितकीच महत्त्वाची. वरून खाली जाताना पाणी वाढत जाते, म्हणून तीव्रता सारखीच असली तरी २० मीटर लांबीचा उतार ५ मीटरच्या उतारापेक्षा कितीतरी धोक्याचा असतो. लांब उतार मध्ये आडव्या पायऱ्या किंवा बांध घालून तोडावा.

आच्छादनाचे प्रकार

भाताचा पेंढा. सर्वांत स्वस्त आणि गावात मिळणारा. १०० चौरस मीटरला ३५ ते ४५ किलो पेंढा लागतो. तो इतकाच पसरावा की खालची माती मधूनमधून दिसत राहील; जाड थर दिल्यास कोंब कुजतो. पेंढा आधी नीट झोडून घ्यावा, नाहीतर राहिलेले दाणे टिपायला पाखरे येतात आणि बीही उकरतात. नुसता टाकलेला पेंढा वाऱ्याने उडतो आणि पाण्याने घसरतो, म्हणून खुंट्या ठोकून वरून सुतळीची जाळी विणावी. याला दोन शत्रू आहेत: वाळवी आणि मोकाट गुरे. गुरांना तो चाराच वाटतो. कुंपण नसेल तर पेंढ्याचा विचार सोडावा.

तागाची जाळी. जाड सुताने विरळ विणलेली ही जाळी बहुधा चार फूट पन्ह्यात मिळते. चौरस मीटरला सुमारे ५०० ग्रॅम वजनाची जाळी उतारासाठी नेहमी वापरली जाते. ताग स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाच पट पाणी धरतो. ओला झाला की तो जड आणि मऊ होऊन मातीला चिकटून बसतो, आणि हाच त्याचा मोठा गुण. उणीव ही की तो लवकर कुजतो. आपल्या दमट हवेत एक, फार तर दोन पावसाळे. गवत पहिल्याच वर्षी नक्की धरणार असेल तर तेवढे पुरते, आणि कुजलेला ताग मातीला खतच होतो.

काथ्याची जाळी. सुंभाने विणलेली जाळी चौरस मीटरला ४००, ७०० किंवा ९०० ग्रॅम अशा वजनांत मिळते. नारळाच्या काथ्यात लिग्निन हे कुजण्यास विरोध करणारे द्रव्य ४० टक्क्यांहून अधिक असते. तागात ते १२ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून काथ्या ओल्या मातीत तीन-चार पावसाळे निभावतो. काथ्या तागापेक्षा ताठ असतो, त्यामुळे खडबडीत जागी तो मातीपासून उचललेला राहतो. तेथे आकड्या जास्त माराव्या लागतात. गवत हळू वाढणारी, तीव्र आणि उन्हात तापणारी जागा असेल तर काथ्याच घ्यावा.

फवारणीची पेरणी. बी, खत, लाकडाचा किंवा कागदाचा लगदा आणि ग्वारडिंकासारखा चिकट पदार्थ पाण्यात कालवून यंत्राने उतारावर मारतात. मोठ्या महामार्गाच्या कामांत वेळ आणि मजुरी वाचते. परंतु यंत्र आणावे लागते, त्यामुळे लहान कामाला परवडत नाही. शिवाय फवारा वाळून घट्ट होण्यास साधारण एक दिवस कोरडा मिळावा लागतो. भर पावसाळ्यात हा एक दिवस मिळेलच असे नाही.

प्लास्टिक. रोपवाटिकेची हिरवी सावलीची जाळी लोक सर्रास वापरतात. आमच्या त्या तरुणानेही दुसऱ्या खेपेस हीच चूक केली. ही जाळी हलकी असते, वाऱ्याने फडफडते, मातीला टेकत नाही, आणि तिच्या खालून पाणी खुशाल माती घेऊन जाते. ताडपत्री तर बीच मारते. खाली पाऊस पोचत नाही आणि उन्हात भट्टी होते. काही तयार चटयांना दोन्ही बाजूंनी बारीक प्लास्टिकची जाळी शिवलेली असते. ती वर्षानुवर्षे कुजत नाही, तिच्यात साप, सरडे, घोरपडी अडकून मरतात, आणि पुढे गवत कापताना ती विळ्याला अडकते. चटई घेताना शिवण सुताची किंवा तागाची आहे ना, हे पाहून घ्यावे.

कोणत्या उतारास काय?

चारास एक किंवा त्याहून सौम्य आणि लांबीने कमी उतार असेल तर सुतळीने बांधलेला पेंढा पुरेसा आहे. तिनास एक ते दोनास एक या दरम्यान तागाची जाळी घालावी. दोनास एक ते दीडास एक असेल तर ४०० ते ७०० ग्रॅमची काथ्याची जाळी. दीडास एक ते एकास एक असेल तर ७०० ते ९०० ग्रॅमचा काथ्या घ्यावा आणि केवळ बियांवर विसंबू नये. जाळीच्या छिद्रांतून वाळ्याचे ठोंब समतल ओळींत अर्ध्या फुटापेक्षा कमी अंतरावर लावावेत. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात. एकास एकपेक्षा तीव्र उतार हे गवताचे काम नव्हे. तेथे पायऱ्या, दगडी गडगा किंवा तारेच्या पेटाऱ्यांची भिंत हवी.

लांबी फार असेल किंवा जागा नैर्ऋत्येच्या माऱ्यात असेल, तर एक पायरी वरचे आच्छादन निवडावे.

बियांबाबत एवढेच की दोन प्रकार मिसळावेत, एक झटपट उगवणारा आणि एक टिकणारा. पहिल्यासाठी थोडी नाचणी चालते. दुसऱ्यासाठी मारवेल, हरळी यांसारखी आपल्या मातीतली गवते घ्यावीत.

अंथरण्याची रीत

चांगली जाळी वाईट रीतीने अंथरली तर पैसे वाया जातात. क्रम असा ठेवावा:

१. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मातीकाम आणि चर पुरे करावेत. बी पेरून लगेच जाळी घालावी. जाळी घातल्यावर पेरायला गेल्यास पायांनी माती दबते. थोडे बी राखून ठेवून जाळीवरून भुरभुरावे.

२. माथ्यावर एक फूट खोल चर खणून जाळीचे टोक त्यात सोडावे, आकड्या माराव्यात आणि माती भरून घट्ट चोपावे. जाळीचा सगळा भार या चरावर असतो.

३. गुंडाळी वरून खाली सोडावी. जाळी ताणू नये. ताणलेली जाळी खळग्यांवर तंबूसारखी उभी राहते आणि तिच्याखाली ओघळ पडतो. ती सैल, मातीला टेकून असावी.

४. शेजारच्या दोन पट्ट्या १५ सें.मी. एकमेकींवर याव्यात. उतारात जोड आला तर वरची पट्टी खालच्या पट्टीवर यावी, जशी घरावरची कौले. उलट घातल्यास जोडातून पाणी आत शिरते.

५. सुमारे ३ मि.मी. जाडीच्या तारेच्या, यू आकाराच्या, १५ ते २० सें.मी. लांब आकड्या चौरस मीटरला दोन याप्रमाणे माराव्यात. जोडांवर आणि खळग्यांत आणखी. मऊ भरावात लांब आकड्या किंवा बांबूच्या खुंट्या घ्याव्यात.

६. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी पाहणी करावी. एखादा ओघळ सुरू झाला असेल तर घमेलेभर मातीत काम भागते. पंधरा दिवसांनी तेच काम ट्रॅक्टरभर होते.

हिशोब कसा मांडावा?

नवखे ठेकेदार येथे बुडतात, म्हणून एक उदाहरण देतो. भराव ४ मीटर उंच, २५ मीटर लांब आणि उतार दोनास एक आहे असे समजा. उतारावरची लांबी सुमारे ९ मीटर येते, ४ नव्हे आणि ८ही नव्हे. म्हणजे क्षेत्र २२५ चौरस मीटर. आता जाळी २ मीटर पन्ह्याची असेल तर १५ सें.मी. जोडात जातात, उरतात १.८५ मीटर. २५ मीटरसाठी १४ पट्ट्या लागतील. प्रत्येक पट्टीला वरचा चर आणि खालचे टोक धरून १० मीटर. एकूण २८० चौरस मीटर जाळी. ज्याने २२५ चौरस मीटर धरून दर भरला, त्याचा नफा येथेच गेला. ७०० ग्रॅमची जाळी असेल तर वजन १९६ किलो होईल. त्यावरून वाहतूक ठरवावी. आकड्या सुमारे ५००.

जाळीच्या किमतीबरोबर फसण्याची किंमतही मांडावी. पुन्हा माती आणणे, पुन्हा बी, पुन्हा मजुरी, गटार उपसणे आणि सहा महिने अडकलेले बिल! हे सर्व धरले की स्वस्त आच्छादन पुष्कळदा महाग पडते. याउलट सौम्य उतारावर ९०० ग्रॅमचा काथ्या घालणे हीदेखील उधळपट्टीच. तेथे पेंढाच शहाणपणाचा.

खरेदी आणि करार

काथ्या-ताग वजनावर विकला जातो आणि ओला माल जड भरतो. म्हणून जाळीचा एक चौरस मीटरचा तुकडा कापून, उन्हात वाळवून तोलून पाहावा. सांगितलेले वजन भरते का ते लगेच कळते. भारतीय मानक ब्युरोने तागाच्या जाळीसाठी २००१ साली आयएस १४९८६, काथ्याच्या जाळीसाठी २००८ साली आयएस १५८६९ आणि ती उतारावर वापरण्यासाठी २००९ साली आयएस १५८७२ ही मानके प्रसिद्ध केली. रस्त्याकडेच्या उतारांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ५६ ही पुस्तिका २०११ सालची आहे. सरकारी कामात हे क्रमांक ठाऊक असणाऱ्या ठेकेदाराशी अधिकारीही वेगळ्या रीतीने बोलतात.

करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: गवत किती टक्के जागा व्यापेल तेव्हा काम पुरे समजायचे, मोजणी कोणत्या महिन्यात होणार, आणि वरच्या बाजूचे पाणी वळवण्याची जबाबदारी कोणाची. आमच्या मते सर्वाधिक तंटे तिसऱ्या गोष्टीवरून होतात.

यात जोडधंद्यालाही वाव आहे. २०२० साली केंद्राने प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांत काथ्याची भूवस्त्रे वापरण्यास मान्यता दिली. तो वापर रस्त्याच्या पायासाठी असला तरी या मालाची सरकारी कामांतील ओळख त्यामुळे वाढली. कोकणात नारळ आहे, सोडणे आहेत आणि ती पुष्कळ ठिकाणी जाळली जातात. केरळात अलप्पुळा परिसराने याच सोडणांवर मोठा उद्योग उभा केला. वाळ्याचे ठोंब वाढवून विकणे तर परसातही होऊ शकते.

जेथे गवत हरते

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. गवत आणि जाळी वरच्या हातभर मातीचे रक्षण करतात. डोंगराच्या पोटातून सुटणारी दरड ते थांबवू शकत नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी माळीण, २२ जुलै २०२१ रोजी तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी येथे जे घडले, त्यापुढे कोणतीही चटई टिकली नसती. उताराच्या माथ्यावर चीर पडली असेल, झाडे किंवा विजेचे खांब कलले असतील, पायथ्यातून अचानक गढूळ झरा फुटला असेल, तर ते काम ठेकेदाराचे नाही. घर रिकामे करावे आणि तहसील कार्यालयास लगेच कळवावे. अशा ठिकाणी गवताचा ठेका घेणे म्हणजे कुटुंबाला खोटा धीर विकणे होय.

आमच्या त्या तरुणाने तिसऱ्या खेपेस आधी माथ्यावर चर खणला, मग उतार मोजला. दोनास एक निघाला. त्याने आडव्या चऱ्या पाडल्या, नाचणी आणि मारवेलीचे बी टाकले आणि ४०० ग्रॅमचा काथ्या कौलांच्या रीतीने अंथरला. त्या वर्षीही जूनमध्ये एक रात्र तशीच कोसळली. सकाळी तो बॅटरी घेऊन धावत गेला, तेव्हा गटारात पाणी होते, पण ते लाल नव्हते. त्याचे बिल दिवाळीनंतर निघाले. दोन पावसाळ्यांचा तोटा त्यातून भरून निघाला नाही, असे त्याने आम्हास प्रांजळपणे सांगितले. आपल्या वाचकांना तो तोटा सोसावा लागू नये, एवढ्याच हेतूने हे लिहिले आहे.